वीणा, व्यासपीठ आणि मत

(बीड येथे झालेल्या वाचक मेळाव्यातील भाषणाचे शब्दांकन)



‘कलावंत आणि राजकीय मत’ या विषयावर बोलावे असे संयोजकांनी सुचवले, तेव्हा माझ्या मनात प्रथम आले की, हा विषय मुंबई-पुण्याच्या सभागृहांत शोभणारा आहे. गायक, वादक, चित्रपटसंगीत, पुरस्कार, त्यांवरील वाद आणि त्यांचे पडसाद हे सारे तिकडचे. उसाचे फड आणि कोयता हाती घेऊन दिवाळीनंतर बाहेर पडणारी लाखो माणसे हे ज्या जिल्ह्याचे चित्र आहे, तेथे या विषयाचे काय प्रयोजन? पण दोन दिवस विचार केल्यावर माझी मलाच लाज वाटली. संगीत म्हणजे तिकीट काढून ऐकायची मैफल, ही समजूत माझ्याही मनात किती खोल रुजली होती! ज्या भूमीत अंबाजोगाईच्या दासोपंतांनी पदे रचली आणि त्यांवर रागांची नावे घातली, ज्या भूमीत आजही एखादे गाव सप्ताहाविना राहत नाही, तेथे संगीत हा फावल्या वेळचा विषय नाही. आपल्याकडचा पहिला गायक कीर्तनकार आहे, पहिला वादक पखवाजी आहे आणि पहिले श्रोते म्हणजे सारे गाव आहे. म्हणूनच गाणाऱ्याने मत मांडले आणि लोक बिथरले की, त्याचा चटका मुंबईपेक्षा आपल्याला अधिक बसतो. मुंबईत श्रोता उठून जातो. गावात तो उठून जाऊ शकत नाही, कारण दुसऱ्या दिवशी पुन्हा त्याच पारावर यायचे असते.

निजामाच्या राज्यातले एक गीत

आपण मराठवाड्याची माणसे. गाण्याला राजकारण चिकटते म्हणजे काय होते, हे आपल्या आजोबांना कोणी शिकवायला नको होते. १९३८ च्या अखेरीस हैदराबाद संस्थानात उस्मानिया विद्यापीठाच्या वसतिगृहातील विद्यार्थ्यांनी प्रार्थनेत ‘वंदे मातरम्’ म्हणण्याचा आग्रह धरला. संस्थानाने मनाई केली. विद्यार्थी हटले नाहीत. छत्रपती संभाजीनगरच्या, तेव्हाच्या औरंगाबादच्या, इंटरमिजिएट महाविद्यालयातील तरुणही या लढ्यात उतरले. शेकडो विद्यार्थ्यांची नावे पटावरून कमी झाली. नागपूर विद्यापीठाने या मुलांना सामावून घेतले. त्यांच्यातच पुढे देशाचे पंतप्रधान झालेले पी. व्ही. नरसिंह राव होते. त्यांच्या पक्षाशी आपले कितीही मतभेद असोत, त्या वयात त्यांनी या गीतासाठी शिक्षणाची किंमत मोजली होती, हे आपण मोकळेपणाने सांगितले पाहिजे.

त्या काळात अंबाजोगाईचे नाव सरकारदरबारी मोमिनाबाद होते. तेथील योगेश्वरी विद्यालयात स्वामी रामानंद तीर्थांनी मुले घडवली आणि १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत हा जिल्हा निजामाच्या अमलाखाली राहिला. प्रभातफेरीतले गाणे हा जेथे गुन्हा ठरू शकत होता, त्या प्रदेशाचे आपण वारस आहोत. कोणते गाणे म्हणायचे आणि कोणते नाही, हे सत्तेने ठरवू नये, ही गोष्ट आपल्यासाठी पुस्तकातली नाही. ती आपल्या घरातली आहे.

कंठाला घातलेले पहारे

पण संस्थानी राज्यालाच दोष देऊन चालणार नाही. १९२३ साली काकीनाडा येथे काँग्रेसचे अधिवेशन भरले. अध्यक्ष होते मौलाना मोहम्मद अली. पलुस्करबुवा, म्हणजे पंडित विष्णु दिगंबर, ‘वंदे मातरम्’ गाण्यासाठी उभे राहिले, तेव्हा अध्यक्षांनी संगीतालाच हरकत घेतली. बुवांनी ती मानली नाही आणि गीत पूर्ण करूनच ते थांबले. ज्या माणसाने १९०१ मध्ये लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढून संगीताला राजेरजवाड्यांच्या दिवाणखान्यातून समाजात आणले, त्याने त्या दिवशी दाखवून दिले की, गवई हा सभेची शोभा वाढवण्यासाठी बोलावलेला माणूस नाही. त्यालाही कणा असतो.

मास्टर कृष्णराव फुलंब्रीकरांचे उदाहरण तर अधिक विस्ताराने सांगण्यासारखे आहे. इंग्रजी अमदानीत मुंबई आकाशवाणीवर त्यांनी गाता गाता ‘वंदे मातरम्’ सुरू केले आणि त्यांचे ध्वनिक्षेपण तोडण्यात आले. मास्तरांनी आकाशवाणीवर बहिष्कार टाकला. ज्या काळात नभोवाणी हे गायकाच्या कीर्तीचे आणि अर्थार्जनाचे मोठे साधन होते, त्या काळात त्यांनी ते दार स्वतःहून लावून घेतले. स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावर राष्ट्रगीताची चर्चा सुरू झाली. ‘वंदे मातरम्’ वाद्यवृंदावर वाजवायला अवघड, असा आक्षेप पंडित नेहरूंनी घेतला. मास्तर चिडून घरी बसले नाहीत. बँडवर वाजेल अशी चाल त्यांनी बांधली आणि दिल्लीला जाऊन ती ऐकवली. निर्णय त्यांच्या बाजूने लागला नाही. २४ जानेवारी १९५० रोजी संविधान सभेत डॉ. राजेंद्र प्रसादांनी ‘जन गण मन’ हे राष्ट्रगीत आणि ‘वंदे मातरम्’ला त्याच्या बरोबरीचा सन्मान, असे निवेदन केले. मास्तरांच्या या उत्तरात मला फार मोठा अर्थ दिसतो. आक्षेप संगीताचा होता, उत्तर संगीतानेच दिले. त्यांनी नेहरूंच्या सभा उधळल्या नाहीत. पेटी उचलली आणि दिल्ली गाठली.

स्वतंत्र भारतात तरी पहारे उठले का? हृदयनाथ मंगेशकरांनी अनेकदा सांगितले आहे की, स्वातंत्र्यवीर सावरकरांची कविता स्वरबद्ध केल्याबद्दल त्यांना आकाशवाणीची नोकरी गमवावी लागली. फेब्रुवारी २०२२ मध्ये पंतप्रधानांनी राज्यसभेत या प्रसंगाचा उल्लेख केला, तेव्हा त्यावर पुन्हा वाद झाला. १९०९ मध्ये इंग्लंडच्या किनाऱ्यावर एका तरुणाच्या मनात मातृभूमीच्या ओढीने उमटलेली ती कविता. तिला लावलेली चाल आज मराठी माणसाच्या रक्तात भिनली आहे. नोकऱ्या येतात आणि जातात, चाल मात्र राहिली.

आणि आणीबाणी तर आपल्यापैकी अनेकांनी भोगली आहे. मे १९७६ मध्ये किशोरकुमारांची गाणी आकाशवाणी आणि दूरदर्शनवरून बंद करण्यात आली. कारण काय? सरकारच्या वीसकलमी कार्यक्रमाच्या प्रचाराला त्यांनी हवे तसे सहकार्य दिले नाही. त्यांनी कोणते भाषण केले नव्हते, घोषणा दिली नव्हती. फक्त ‘नाही’ म्हटले होते. पुढे शहा आयोगासमोर हे प्रकरण आले आणि सत्तेचा तो पोरकटपणा देशासमोर उघडा पडला. ज्या वेळी आपले हजारो कार्यकर्ते नाशिकच्या आणि येरवड्याच्या कारागृहात होते, त्याच वेळी एका गायकाचा आवाजही बंदिवासात होता.

लतादीदींचा ‘अपराध’

१ नोव्हेंबर २०१३. पुण्यात दीनानाथ मंगेशकर रुग्णालयाच्या नव्या विभागाचे उद्घाटन होते. गुजरातचे तत्कालीन मुख्यमंत्री नरेंद्र मोदी प्रमुख पाहुणे होते. लतादीदींनी बोलण्याच्या ओघात इच्छा व्यक्त केली की, मोदी पंतप्रधान व्हावेत. चौऱ्याऐंशी वर्षांच्या एका भगिनीने पाहुण्याला दिलेला तो आशीर्वाद होता. पण दहा-बारा दिवसांत मुंबई काँग्रेसचे तत्कालीन अध्यक्ष जनार्दन चांदूरकर यांनी अशा मंडळींनी आपले सन्मान परत करावेत अशी भाषा केली आणि देशभर ‘भारतरत्न परत घ्या’चा गलका झाला.

त्यांचा भारतरत्न २००१ सालचा, अटलजींच्या काळातला. पण सन्मान कोणत्या सरकारने दिला हा मुद्दाच गौण आहे. तो देशाने दिलेला असतो. कवी प्रदीपांचे शब्द घेऊन २७ जानेवारी १९६३ रोजी दिल्लीत हीच लता पंडित नेहरूंसमोर गायली, तेव्हा नेहरूंचे डोळे पाणावले होते. तेव्हा तो स्वर राष्ट्राचा होता. पन्नास वर्षांनी त्याच स्वराने एका नेत्याविषयी मत व्यक्त केले, तर तो एका पक्षाचा कसा झाला?

फेब्रुवारी २०२१ मध्ये पुन्हा तेच घडले. कृषी कायद्यांविरुद्धच्या आंदोलनावर रिहाना नावाच्या परदेशी गायिकेने समाजमाध्यमावर एक ओळ लिहिली. ती जगभर गाजली, तिचे कौतुकही झाले. त्यानंतर लतादीदी, सचिन तेंडुलकर आदींनी देशाच्या ऐक्याच्या बाजूने लिहिले. तेव्हा महाराष्ट्राचे तत्कालीन गृहमंत्री अनिल देशमुख यांनी या संदेशांमागे दबाव होता का, हे तपासण्याची भाषा केली. पुढे टीका झाल्यावर, आपल्या म्हणण्याचा विपर्यास झाला, असा खुलासाही त्यांनी केला. पण विचार करा, परदेशी गायिकेला भारताच्या कायद्यांवर मत असू शकते आणि भारताच्या गानसम्राज्ञीला मात्र स्वतःचे मत असणे संशयास्पद!

आता टाळ्या वाजल्या. मला त्या अपेक्षित होत्या. पण भाषणाचा अवघड भाग आता सुरू होतो आहे, आणि तेथे टाळ्या मिळतील याची मला खात्री नाही.

मोजमाप एकच हवे

लतादीदींच्या बाबतीत आपण जे तत्त्व सांगितले, ते आपल्याला न रुचणाऱ्या कलावंताला लावायची आपली तयारी आहे का?

पु. ल. देशपांडे. लेखक म्हणून आपण त्यांना ओळखतो, पण ते हाडाचे संगीतकार होते, पेटी त्यांच्या बोटांतून बोलत असे. १९७७ मध्ये आणीबाणीविरुद्ध त्यांनी सभा गाजवल्या, तेव्हा आपण त्यांना डोक्यावर घेतले. १९९६ मध्ये युती सरकारने त्यांना पहिला महाराष्ट्र भूषण पुरस्कार दिला आणि ठोकशाहीच्या भाषेविषयीची खंत त्यांनी त्या वेळी व्यक्त केली. बाळासाहेब ठाकरे यांनी त्यांच्यावर जाहीरपणे अत्यंत कठोर शब्दांत टीका केली. माणूस तोच होता, सत्तेला स्पष्ट सांगण्याची वृत्तीही तीच होती. सत्ता फक्त बदलली होती. त्या वेळी महाराष्ट्रातील अनेक सामान्य शिवसैनिकही अस्वस्थ झाले होते, कारण त्यांच्याही घरात पुलंची पुस्तके होती.

एप्रिल २०२३ मध्ये छत्रपती संभाजीनगरच्या एका तरुणाने सत्तांतरावर आणि ‘खोक्यां’च्या आरोपावर रॅपगाणे केले, आणि अंबरनाथला त्याच्यावर गुन्हा दाखल झाला. गाणे मला आवडले नाही. त्यातील भाषा शिवराळ होती. परंतु आपल्याकडच्या तमाशाच्या वगात, शाहिराच्या कवनात आणि एकनाथ महाराजांच्या भारुडात राज्यकर्त्याची आणि दांभिकाची जी खिल्ली उडवली गेली, तिला आपण परंपरा म्हणतो. मग त्या मुलाला उत्तर द्यायला दुसरा शाहीर पुढे आला नाही, पोलीस ठाणे पुढे आले, यात आपली शोभा झाली का? मार्च २०२५ मध्ये मुंबईत कुणाल कामरा यांच्या विडंबनगीतावरून खारमधील एका सभागृहाची मोडतोड झाली. परिणाम काय झाला? जे गीत काही हजारांनी ऐकले असते, ते देशभर पोहोचले. काठीने गाणे मरत नाही, मोठे होते. हे निजामाला कळले नाही, आणीबाणीच्या सरकारला कळले नाही. निदान आपल्याला तरी कळावे.

विरोध कसा करावा याचेही एक उदाहरण आहे. मद्रासच्या म्युझिक अकादमीने मार्च २०२४ मध्ये टी. एम. कृष्णा यांना संगीत कलानिधी सन्मान जाहीर केला. पेरियार यांच्या गौरवापासून ते कर्नाटक संगीतपरंपरेवरील त्यांच्या टीकेपर्यंत अनेक गोष्टी परंपरानिष्ठ कलावंतांना खुपत होत्या. रंजनी आणि गायत्री या भगिनी, ज्यांचे मराठी अभंग आपण आवडीने ऐकतो, त्यांनी पत्र लिहून आपली भूमिका मांडली आणि त्या वर्षीच्या संमेलनातून स्वतःचे नाव मागे घेतले. चित्रवीणावादक रविकिरण यांनी आपला सन्मान परत केला. त्यांनी कृष्णांची मैफल बंद पाडली नाही. आपली सोडली. मानधन गेले, मंच गेला, तो त्यांचा स्वतःचा गेला. विरोधाला वजन येते ते अशा वेळी. उलट २०१८ मध्ये याच कृष्णांचा दिल्लीतील कार्यक्रम समाजमाध्यमांवरील गदारोळानंतर पुढे ढकलला गेला, तेव्हा दिल्ली सरकारने त्यांना आपल्या मंचावर बोलावले आणि ते नायक होऊन गायले. आपणच दिलेली ती भेट होती.

बाबूजी आणि गदिमा

मत ठेवूनही एकत्र कसे गाता येते, याचा वस्तुपाठ महाराष्ट्राने पाहिला आहे. सुधीर फडके हे संघाचे स्वयंसेवक. ते त्यांनी कधी लपवले नाही. २ ऑगस्ट १९५४ रोजी दादरा आणि नगर हवेलीतील सिल्वासा मुक्त झाले, त्या मुक्तिसंग्रामाच्या जुळवाजुळवीत बाबूजी आघाडीवर होते. त्या कार्यासाठी निधी उभा करायला पुण्यात हिराबागेत लतादीदींचा कार्यक्रम त्यांनी घडवून आणला. आयुष्याच्या अखेरच्या पर्वात वीर सावरकरांवरील चित्रपटाचे कंकण त्यांनी हाती बांधले, गावोगाव फिरून निधी जमवला. चित्रपट नोव्हेंबर २००१ मध्ये प्रदर्शित झाला आणि जुलै २००२ मध्ये बाबूजी गेले, जणू त्याच कामासाठी थांबले होते.

आणि त्यांचे जोडीदार कोण? ग. दि. माडगूळकर. विचाराने काँग्रेसच्या जवळचे, विधान परिषदेचे सदस्य. १ एप्रिल १९५५ पासून पुणे आकाशवाणीवरून गीतरामायण सुरू झाले. वर्षभरात छप्पन गीते. एका बाजूचा शब्द आणि दुसऱ्या बाजूचा स्वर. त्यांच्यात वाद झाले नाहीत असे नाही, खूप झाले. पण त्या वादांनी रामकथा अडवली नाही. महाराष्ट्राच्या घराघरांत पोहोचलेला राम हा एका स्वयंसेवकाने आणि एका काँग्रेसी कवीने मिळून दिलेला आहे, हे आपण विसरतो. बाबूजींनी गदिमांना आपल्या मताचे होण्याची अट घातली असती, तर आपल्याला हा राम भेटलाच नसता.

गडावरचे एक विधान

आता मी आपल्या दारात येतो. नाव घेतल्याशिवाय बोलणे म्हणजे पळवाट ठरेल, म्हणून पूर्ण आदराने नाव घेतो.

भगवानगड अहिल्यानगर जिल्ह्याच्या हद्दीत असला, तरी तो बीडच्या काळजात आहे. भगवानबाबांनी गोरगरिबांना शिक्षणाची आणि हरिनामाची वाट दाखवली. गडाचे महंत डॉ. नामदेवशास्त्री हे ज्ञानेश्वरीचे अधिकारी भाष्यकार आहेत. त्यांच्या कीर्तनात शास्त्र आणि स्वर एकत्र येतात. २०१६ मध्ये दसरा मेळाव्याच्या प्रसंगी त्यांनीच भूमिका घेतली की, गडावरून राजकीय भाषण होणार नाही. मोठा वाद झाला. त्या वर्षी पंकजा मुंडे यांची सभा गडाच्या पायथ्याशी झाली, आणि पुढच्या वर्षापासून मेळावा बाबांच्या जन्मगावी सावरगाव घाट येथे भरू लागला. महंतांच्या त्या भूमिकेवर अनेक जण रागावले. माझ्या मते ती भूमिका योग्य होती.

९ डिसेंबर २०२४ रोजी केज तालुक्यातील मस्साजोगचे सरपंच संतोष देशमुख यांची निर्घृण हत्या झाली. सारा महाराष्ट्र हादरला. ३१ जानेवारी २०२५ रोजी महंतांनी गडावरून तत्कालीन मंत्री धनंजय मुंडे यांची जाहीर पाठराखण केली आणि आरोपींच्या मानसिकतेविषयीही काही शब्द बोलले. त्यानंतर जे उसळले ते तुम्ही सर्वांनी पाहिले. एका बाजूने महंतांवर असभ्य भाषेत चिखलफेक झाली. दुसऱ्या बाजूने त्या शब्दांना जातीचे निशाण करून मिरवले गेले. ज्यांनी आयुष्यात ज्ञानेश्वरी उघडली नाही, ते दोन्हीकडून धर्मावर बोलू लागले.

मी येथे एक भेद करू इच्छितो. लतादीदी बोलल्या त्या एक नागरिक म्हणून. त्यांच्या शब्दाने कोणाचा मोक्ष अडत नव्हता. परंतु कीर्तनकार जेथे उभा राहतो, ती नारदाची गादी आहे. वीणा गळ्यात घेणाऱ्याच्या पाया लहान-थोर सारे पडतात, त्याची जात विचारत नाहीत, ते त्या वीणेमुळे. म्हणून त्या जागेवरून उच्चारलेला शब्द व्यक्तीचा राहत नाही. नागरिक म्हणून महंतांना मत असण्याचा अधिकार आहेच. मतदानही ते करतात. पण गडाच्या नावाने एखाद्या नेत्याला अभय दिले की, गडाला नमस्कार करणाऱ्या त्या शोकाकुल घराने जायचे कोठे? जे पथ्य त्यांनी २०१६ मध्ये सर्वांना घातले होते, ते त्या दिवशी त्यांच्याकडून सुटले, असे मला नम्रपणे वाटते. आणि हे पथ्य केवळ एका गडाचे नाही. आपल्या बाजूने राजकीय बोलणाऱ्या कीर्तनकारांसाठी आपण टाळ्या वाजवतो, तेव्हाही ते मोडत असते.

पण या प्रकरणाचा उत्तरार्ध अधिक महत्त्वाचा आहे. तो फार कमी लोकांनी लक्षात ठेवला. २ फेब्रुवारीला देशमुख कुटुंबीय स्वतः गडावर गेले. ज्यांच्या घरातला कर्ता माणूस क्रूरपणे मारला गेला होता, त्यांनी कोणाचा पुतळा जाळला नाही, शिवी दिली नाही. ते महंतांसमोर बसले आणि त्यांनी आपली बाजू मांडली. महंतांनी ती ऐकून घेतली आणि गड या कुटुंबाच्या पाठीशी आहे असे सर्वांसमोर सांगितले. पुढे ४ मार्चला मुंडे यांनी मंत्रिपदाचा राजीनामा दिला. न्यायालयाचे काम न्यायालय करील. पण गड चढून जाण्याचे जे काम त्या कुटुंबाने केले, ते आपल्यापैकी किती जणांना जमले असते, हा प्रश्न मी स्वतःला विचारतो. विधान चुकले असे वाटले तर विधान करणाऱ्याकडे जाऊन बोलावे, ही साधी रीत दुःखाने पिचलेल्या त्या माणसांनी आपल्याला शिकवली. शिकवणी मोबाईलवर बोटे चालवणाऱ्यांना हवी होती.

काकड्याचा पखवाज

शेवटी एक प्रसंग सांगतो आणि थांबतो. गावाचे नाव सांगत नाही, कारण ते तुमच्यापैकी कोणाचेही असू शकेल.

३० ऑक्टोबर २०२३ रोजी या शहराने जी आग पाहिली, ती विझली, पण धग मनात राहिली. २०२४ ची लोकसभा निवडणूक झाली. साडेसहा हजार मतांनी निकाल लागला आणि गावोगाव अमक्याच्या दुकानात जायचे नाही, तमक्याकडून किराणा घ्यायचा नाही, अशी भाषा सुरू झाली. माझ्या ओळखीच्या त्या गावात एक भजनी मंडळ आहे. पेटीवाला एका समाजाचा, पखवाजवाला दुसऱ्या. तीस वर्षे दोघे शेजारी बसले. निकालाच्या रात्री पेटीवाल्याच्या मुलाने दुसऱ्या समाजाला डिवचणारे एक गाणे मोबाईलच्या स्टेटसवर ठेवले. दुसऱ्या दिवशी पारावर शब्दाला शब्द वाढला. पेटीवाल्यानेही मुलाची बाजू घेऊन राजकारणाचे चार शब्द सुनावले. पखवाजवाला काही बोलला नाही. देवळात गेला, पखवाज गवसणीत घातला आणि घरी घेऊन गेला.

कोजागरीनंतर काकडा सुरू झाला. पहाटेच्या थंडीत नुसते टाळ वाजत होते. आठवडाभर कोणी काही बोलले नाही. मग रोज काकड्याला येणारी एक म्हातारी आरती झाल्यावर उठली आणि पेटीवाल्याला म्हणाली, “देवाला कळत नसंल व्हय रे, पखवाज कुठं गेला ते?”

त्या संध्याकाळी पेटीवाला पखवाजवाल्याच्या घरी गेला. बरोबर पुढारी नव्हता, शांतता समिती नव्हती. मोठे शब्दही त्याने वापरले नाहीत. मुलाला घेऊन गेला, मुलाने पाया पडून मोबाईल पुढे केला, ते गाणे काढून टाकलेले होते. पखवाजवाल्याच्या घरी चहा झाला. तो येतो म्हणाला नाही, येत नाही असेही म्हणाला नाही. तिसऱ्या पहाटे पखवाजावर थाप पडली. मी चौकशी केली, दोघांचे मत बदलले का? नाही. पुढच्या विधानसभेला दोघांनी आपापल्या जुन्याच बाजूला मतदान केले. पण काकडा थांबला नाही.

बंधू-भगिनींनो, हिंदू समाजाच्या संघटनेचे काम आपण करतो. संघटन म्हणजे सर्वांनी एकच मत उच्चारणे असे आपण समजू लागलो, तर ते फार दिवस टिकणार नाही. गाणाऱ्याला मत असणारच. कधी ते आपल्याला सुखावेल, कधी टोचेल. टोचेल तेव्हा उत्तर द्या, गाऊन द्या, लिहून द्या, समोर जाऊन बोला, प्रसंगी आपला कार्यक्रम सोडा. पण त्याचा मंच मोडू नका, आणि त्याच्या मतावरून त्याची जात काढू नका. ज्यांच्या गळ्यात वीणा आहे, त्यांना हात जोडून एवढेच सांगा की, महाराज, ही वीणा सगळ्या गावाची आहे.

आणि तुमच्या गावच्या देवळात जर या क्षणी एखादा पखवाज कमी असेल, तर तो कोणाच्या घरी आहे हे तुम्हाला ठाऊक आहे. तेथे जाण्यासाठी कोणाच्या आदेशाची वाट पाहू नका.